कथबर्टने न दिलेलं मत

आमच्या थॉर्नशॉ ईस्टमध्ये एक काळ असा होता की दगडाला कामगारांच्या पक्षाचा लाल रंग फासून उभा केला असता तरी लोकांनी त्याला खासदार करून लंडनला धाडला असता. मतं मोजता कशाला, गोणीत भरून वजन करा, असं माझे वडील म्हणायचे. ते आयर्लंडच्या मेयोहून आलेले, लोकरीच्या गिरणीत रंगखात्यात होते. आमची डायर स्ट्रीट म्हणजे एका टोकाला गिरणी, दुसऱ्या टोकाला सेंट कोलंबाची शाळा, आणि मधल्या साऱ्या घरांचं मत एकच. मग गिरणी बंद पडली. आयरिश पोरं बांधकामाच्या मागे दक्षिणेला गेली, त्यांच्या घरांत ग्रेनेडा-जमेकाची माणसं आली, मग मीरपूरची, मग पोलंडची. आता निम्म्या घरांत विद्यार्थी राहतात, त्यांना कचऱ्याचा डबा कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचा एवढंही कळत नाही. त्यात मतदारसंघांच्या हद्दी ठरवणाऱ्या साहेबांनी नकाशावर एक रेघ ओढली आणि टेकडीवरची बंगलेवाली वस्ती आमच्यात आणून घातली. तिथे खिडक्याखिडक्यांतून विरोधी पक्षाची निळी पोस्टरं. तेव्हापासून थॉर्नशॉ ईस्ट कोणाच्या बापाचं राहिलं नाही.

मी फिलोमिना. माझ्या शेजारच्या घरात कथबर्ट मोडेस्ट राहतो. ग्रेनेडाहून पोरवयात आला, आयुष्यभर शहराच्या बस चालवल्या, आता ऐंशी ओलांडली आहे. अजूनही दाराबाहेर पाऊल टाकायचं तर डोक्यावर हॅट हवी. त्याची एकच ख्याती, दिलेला शब्द. एकदा एक गरोदर बाई म्हणाली, "माझी पिशवी घरी राहिली, थांबशील का?" हा म्हणाला, "थांबतो." भरलेली बस थांब्यावर उभी, लोक शिव्या देतायत, आणि हा स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प. साहेबांनी घरी बसवलं तेव्हा म्हणाला, "शब्द दिला होता." मी त्याला तोंडावर सांगितलंय, तू सज्जन कमी आणि हट्टी जास्त. तो हसतो.

त्याचा जिवलग दोस्त म्हणजे नाक्यावरचा खाटीक, हॅरॉल्ड स्टॅनक्लिफ. बाप निळा, आजोबा निळे, हा निळा. टेकडीवरच्या क्लबात लाकडी चेंडूंचा खेळ खेळायचा आणि तिथल्या बायकांना मटणाचे चांगले तुकडे राखून ठेवायचा. कथबर्ट लालांचा कट्टर. दोघांचं दुकानात उभ्या उभ्या इतकं कडाक्याचं भांडण व्हायचं की गिऱ्हाईकं आपली सॉसेजं विसरून ऐकत राहायची. चौऱ्याहत्तर साली एकाच वर्षात दोन निवडणुका झाल्या. पहिलीच्या दिवशी बर्फगार पावसात दोघं मतदान चाललेल्या शाळेच्या फाटकात समोरासमोर आले आणि तिथेच जुंपली. शेवटी हॅरॉल्ड म्हणाला, "तुझं मत माझ्या मताला खाणार, माझं तुझ्याला. मग भिजायचं कशाला?" कथबर्टला पटलं. दोघं परत फिरले, कथबर्टच्या पुढच्या खोलीत डोमिनो मांडला आणि हातावर हात मारून ठरवलं, ह्यापुढे मतदानाच्या दिवशी दोघांनीही घरी बसायचं.

तेव्हापासून तो नेम झाला. सकाळी हॅरॉल्ड डुकराचा खारवलेला पाय घेऊन यायचा, कथबर्ट खाऱ्या माशाची भजी तळायचा आणि मतदान बंद होईपर्यंत टेबलावर सोंगट्या आपटायच्या. मी दर निवडणुकीला शाळेच्या फाटकापाशी लाल फितीचं फूल लावून खुर्ची टाकते आणि मत देऊन येणाऱ्यांना त्यांचा मतदारयादीतला नंबर विचारते, म्हणजे आपलं कोण यायचं राहिलं ते कळतं. ह्या दोघांचे नंबर मला कधीच मिळाले नाहीत. कथबर्टला टोकलं की छाती फुगवून म्हणायचा, "अगं, मी एक निळा मतदार घरात डांबून ठेवलाय. पक्षाने मला पदक द्यायला हवं."

आता ह्या गोष्टीतलं जे दुखरं आहे ते सांगते. सत्त्याऐंशी साली लालांची उमेदवार होती इस्मे मोडेस्ट, कथबर्टची बायको. घरोघर जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी नर्स. गावातली अर्धी म्हातारी माणसं तिच्या हातून उठली किंवा तिच्या हातात गेली. ती निवडून येणार हे टेकडीवालेही धरून चालले होते. मतदानाच्या दिवशी सकाळी कथबर्टने तिला विचारलं, "मोडू का शब्द?" ती म्हणाली, "नको. हॅरॉल्डचं मत घरी राहतंय, तेवढंच पुष्कळ." इस्मे एका मताने पडली. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा एकच मत कमी.

मी तिच्याबरोबर घरी आले होते. कथबर्ट जिन्यावर बसला होता, कुणीतरी लाथ घातल्यासारखा. इस्मेने कोट न काढता त्याच्याजवळ बसून सांगितलं, "वेड्या, तू गेला असतास तर तोही गेला असता. एक इकडे, एक तिकडे. फरक काय पडला असता?" पुढे ती कधीच उभी राहिली नाही. पण निवडणुका आल्या आणि कथबर्टचा चेहरा उतरला, की तिचं तेच वाक्य: एक इकडे, एक तिकडे. त्या वाक्याच्या आधारावर तो माणूस जगला. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली.

गेल्या जुलैत त्यांची नात ओडेट त्याच जागेसाठी लालांकडून उभी राहिली.

ती वकील आहे. आजीसारखीच उंच, पण तिचा शांतपणा हिच्यात नाही. ह्या वेळी लाल-निळ्यांच्या मध्ये आणखी तिघं उभे होते. कोण कुणाची मतं खाणार ह्याचा थांग नव्हता आणि कोपऱ्यावरच्या मासे-चिप्सच्या दुकानापासून मशिदीपर्यंत प्रत्येकाचं गणित वेगळं होतं. दुपारी मी फाटकापाशी होते. टेकडीच्या मतदानकेंद्रावर रांगा असल्याचं कळत होतं, आणि आमच्या शाळेत मात्र विद्यार्थी दोन-दोन करून येत होते, तेही मतपत्रिका घ्यायला फोटोवालं ओळखपत्र दाखवावं लागतं म्हणून परत घरी पळत होते. ओडेट धावतच आली.

"फिलोमावशी, आजोबा?"

"हॅरॉल्डबरोबर बसलेत. दुसरं कुठे असणार?"

तिने ओठ चावला. "चला माझ्याबरोबर."

माझी खुर्ची शेजारच्या पोलिश बाईला देऊन मी तिच्यामागे गेले. पुढच्या खोलीत नेहमीचाच थाट होता. पाय अर्धा कापलेला, भजी गार झालेली, टेबलावर डोमिनोची नागमोडी रांग. भिंतीवर नर्सच्या पोशाखातली इस्मे. पण खेळात आवाज नव्हता. कथबर्ट सोंगटी आपटत नव्हता, ठेवत होता. एवढ्या वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं.

"आजोबा, आपल्या दोन गल्ल्यांतली निम्मी माणसं अजून बाहेर पडलेली नाहीत," ओडेट म्हणाली. "मला एकेक मत हवंय. तुम्ही चला."

"मी गेलो तर हाही येणार," कथबर्ट मान वर न करता म्हणाला. "एक इकडे, एक तिकडे."

"आजीच्या वेळीही हेच म्हणालात ना?"

कथबर्टच्या हातातली सोंगटी तशीच राहिली. मला वाटलं, पोरीच्या एक थोबाडीत द्यावी. पण तिचंही काय चुकलं होतं?

ती हॅरॉल्डकडे वळली. "हॅरॉल्डआजोबा, मला तुम्ही मांडीवर खेळवलंय. तुम्ही तरी ह्यांना शब्दातून मोकळं करा. फक्त आजच्या दिवस."

हॅरॉल्डचं तोंड उघडलं. त्याची मान आधीच थरथरते, ती जास्तच थरथरायला लागली.

"तुझी पाळी, बर्ट," तो म्हणाला. "खेळ."

ओडेट निघून गेली. दार इतक्या जोरात लागलं की भिंतीवरची इस्मे तिरकी झाली. मी फोटो सरळ केला आणि मुद्दाम तिथेच खुर्ची ओढून बसले. ह्या दोन म्हाताऱ्यांना आज असं सोडून जायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. बाहेर लालांची गाडी कर्ण्यावरून ओडेटचं नाव ओरडत गेली, मागून निळ्यांची. कथबर्ट घाम पुसायला खिशातून रुमाल काढायला गेला आणि रुमालाबरोबर एक कार्ड टेबलावर पडलं.

त्याचा बसचा पास. म्हाताऱ्यांना मिळतो तो, फोटोवाला. मतदानाला तोच चालतो.

हॅरॉल्ड पासाकडे बघत राहिला. "घरात बसून कोणती बस पकडणार होतास?"

"सकाळी खिशात टाकला," कथबर्ट म्हणाला. "का टाकला, माझं मला माहीत नाही."

"माझी पाठ वळली की पळून जाणार होतास."

"माहीत नाही म्हटलं ना!" कथबर्टने टेबलावर हात आपटला. सोंगट्या उडाल्या. "ती माझी पोर आहे. एकदा घरी बसलो, त्याची शिक्षा अजून भोगतोय. पण शब्द मोडला नाही मी. बसलोय ना तुझ्यासमोर?"

हॅरॉल्डने सावकाश आपल्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. त्याचाही पास. तो त्याने कथबर्टच्या पासाशेजारी ठेवला.

कथबर्ट उभा राहिला. एवढा उंच माणूस उभा राहिला की ती खोली लहान होते.

"म्हणजे तूही! माझ्या घरचं खातोस आणि माझ्याच पोरीला पाडायला निघालास?"

"पाडायला नाही."

"मग कशाला?"

"तिलाच द्यायचं होतं," हॅरॉल्ड म्हणाला.

मग कथबर्ट हसायला लागला. खरंच, पोटापासून हसला. हॅरॉल्डच्या पाठीत थाप घातली. "फिलो, ऐकलंस? खाटीक ताळ्यावर आला! पन्नास वर्षं डोकं फोडलं तेव्हा ह्या पालथ्या घड्यावर एक थेंब टिकला!"

मीही हसले. हॅरॉल्डने तिथेच थांबायला हवं होतं. तोपर्यंत कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. पण त्याचे डोळे भिंतीवर गेले होते.

"पन्नास नाही, बर्ट. मॉरीन गेली ना, तेव्हापासून."

मॉरीन म्हणजे त्याची बायको. कर्करोगाने गेली. शेवटचे सगळे दिवस इस्मे तिच्या उशाशी होती. ड्युटी संपल्यावर, बिनपगारी, रात्र रात्र.

कथबर्टचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण आतून विझलं. तो आठवत होता. मीही आठवत होते, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"मॉरीन तर इस्मेच्या निवडणुकीच्या आधी गेली," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे त्या दिवशी, इथे बसलो होतो आपण, तेव्हा..."

"हो, बर्ट."

"आपण दोघं गेलो असतो तर दोन्ही मतं तिची होती."

हॅरॉल्डने मान हलवली. कथबर्ट खाली बसला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्याने अगदी साध्या आवाजात विचारलं, "बोलला का नाहीस?"

"तू नाचला असतास," हॅरॉल्ड म्हणाला. "दुकानात सगळ्यांसमोर नाचला असतास. रोज भांडायचो आपण. खाटीक हरला, खाटीक हरला, हे मला ऐकायचं नव्हतं. क्लबात काय तोंड दाखवू, तेही होतं. वाटलं, एका मताने काय होतंय. ती येणारच होती निवडून. सगळे म्हणत होते."

"आणि निकालानंतर?"

"निकालानंतर कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

सांगून टाकते, मला त्या क्षणी हॅरॉल्डचा तिरस्कार वाटला. एवढ्या वर्षांत त्याने माझ्यासाठी ख्रिसमसचा टर्की राखून ठेवला, माझा नवरा गेला तेव्हा शवपेटीला खांदा दिला, सगळं क्षणात नाहीसं झालं. भांडणात वरचढ राहायचं म्हणून! बायकांनी असलं काही केलं असतं तर गावाने आमची अक्कल काढली असती.

कथबर्ट उठला. भिंतीवरचा फोटो काढला आणि विखुरलेल्या सोंगट्यांमध्ये, हॅरॉल्डच्या पुढ्यात, पायाच्या ताटलीला टेकवून उभा ठेवला.

"मला नको सांगूस," तो म्हणाला. "मरेपर्यंत ती माझी समजूत घालत राहिली. एक इकडे, एक तिकडे. ते खोटं होतं हे तुला माहीत होतं. आमच्या जेवणाला बसायचास आणि तिच्या तोंडून ते ऐकायचास. आता तिला सांग."

"बर्ट..."

"तिला सांग!"

आणि त्या म्हाताऱ्याने सांगितलं. फोटोकडे बघत, अडखळत, नाक पुसत. "इस्मे, तुझं मत माझ्याकडे होतं. मी दिलं नाही." एवढंच.

बाहेर उन्हं कलली होती. कुणीतरी हे थांबवायला हवं होतं, म्हणून मी दोन्ही पास उचलले. "रडायला उद्याचा दिवस आहे," मी म्हटलं. "फाटक बंद झालं तर ही पोरही हकनाक पडेल. उठा दोघं."

कथबर्टने हॅट घातली आणि निघाला. मागे वळून पाहिलं नाही. हॅरॉल्डचे गुडघे गेलेत. माझ्या हाताला धरून तो रस्ताभर फरफटत आला. गल्लीतली माणसं दारात येऊन बघायला लागली. कथबर्ट पुढे, खाटीक मागे आणि मध्ये चार घरांचं अंतर, असं त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. युसुफ टॅक्सीवाल्याने खिडकीतून विचारलं, "काका, कुणी गेलं का?" कथबर्ट चालतच राहिला.

फाटकापाशी निळी फीत लावलेल्या मिसेस बोमाँट होत्या, टेकडीवरच्या क्लबातल्या. हॅरॉल्डला पाहून त्यांचं तोंड उजळलं. "हॅरॉल्ड! अहो, तुम्ही आणि मतदानाला? आम्हाला आज तुमच्यासारख्यांचीच गरज आहे हो."

हॅरॉल्ड थांबला. माझा हात सोडला. मला वाटलं आता पुन्हा मूग गिळणार.

"मी मोडेस्टांच्या पोरीला मत देतोय, बाई," तो मोठ्याने म्हणाला. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "तिच्या आजीलाही द्यायला हवं होतं. क्लबात सांगा सगळ्यांना."

पुढे उभ्या असलेल्या कथबर्टची पाठ मला दिसत होती. ती हलली नाही. दोघं आत गेले, वेगवेगळ्या आडोशांत उभे राहिले, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली केली आणि बाहेर आले. मी खुर्चीवर बसून कथबर्टला नंबर विचारला. त्याने तो सांगितला. एवढ्या निवडणुकांत पहिल्यांदाच तो माझ्या यादीत उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओडेटचा फोन आला तेव्हा मी कथबर्टच्या पुढच्या खोलीत चहा घेऊन आले होते. तो झोपला नव्हता, कपडेही बदलले नव्हते. फोन कानाला लावायचीही गरज नव्हती, पोर इतकी ओरडत होती.

"आजोबा, चार हजारांनी! चार हजारांच्या वर! आपल्या गल्ल्या शेवटी बाहेर पडल्या!"

"शाब्बास," तो म्हणाला. "शाब्बास, माझी बाय. आजी खूश झाली असती." आवाज अगदी नीट होता. मग फोन ठेवला आणि टेबलापाशी बसला. टेबल कालच्यासारखंच होतं, सोंगट्या, ताटली आणि मध्ये इस्मे.

"चार हजार," तो मला म्हणाला. "फिलो, मी नसतो गेलो तरी चाललं असतं. तो नसता गेला तरी चाललं असतं. कालची आमची दोन्ही मतं कुणालाच नको होती."

मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला, तो त्याने तसाच राहू दिला.

तेवढ्यात खिडकीतून दिसलं, हॅरॉल्ड फाटकाशी उभा होता. आज निवडणूक नव्हती, तरी हातात कापडात गुंडाळलेला डुकराचा पाय होता. आत यायचं धाडस होत नव्हतं, परत जाववत नव्हतं. समोरच्या विद्यार्थ्यांनी दोनदा त्याला "काही हवंय का?" विचारलं.

"हाकलून देऊ का?" मी विचारलं. मी खरंच दिलं असतं.

कथबर्ट उठला, आपली खुर्ची टेबलापासून उचलून भिंतीला लावली आणि हॅरॉल्डची खुर्ची फोटोच्या समोर सरकवली.

"आत घे त्याला," तो म्हणाला. "पण माझ्याशी बोलायचं नाही म्हणावं. इथे बसायचं. तिच्यासमोर."